काटा नसलेला मासा

अश्विनी, आज दुपारी मी तुझा तो नारिंगी मासा केला. तुझ्याच तव्यावर, तुझ्याच पद्धतीने, म्हणजे माझ्या मते अर्धा कच्चा. हसू नकोस. आणि हसायचंच असेल तर खुशाल हस, तेवढाच या स्वयंपाकघरात आवाज होईल.

दीड महिना होत आला तुला जाऊन. माणसं येतात, पाटावर बसतात, डोळे पुसतात आणि सून किती गुणी होती, कधी उलट शब्द बोलली नाही असं म्हणतात. मी मान हलवते. यांना तू माहीत नव्हतीस गं. उलट शब्द कसा बोलावा हे शिकायला लोकांनी तुझ्याकडे यायला हवं होतं. नऊ वर्षं एका ओट्यावर आपण भांडलो. वाटण मिक्सरमध्ये की पाट्यावर, भाताचं पाणी काढायचं की मुरवायचं, पोरीला शाळेत डब्यात काय द्यायचं. माझा लेक, तुझा नवरा निलेश म्हणायचा, तुम्हा दोघींना कॅसेटसारखं बंद करायचं बटण हवं होतं. आता सगळं बंद आहे. मी वाटण कुठेही केलं तरी विचारणारं कुणी नाही, आणि म्हणून परवा मी अर्धा तास नारळ हातात धरून नुसती उभी होते.

तुला सांगायचंय ते सरळ सांगता येत नाही, कारण त्यात मी फार वाईट दिसते. पण तुझ्यापासून लपवून आता काय मिळणार आहे?

तू नाशिकहून आमच्या गिरीजच्या घरात आलीस तेव्हा तुमच्याकडे अंडंसुद्धा चालत नव्हतं. आमचं घर म्हणजे दारात केळी, मागे पालेभाजी आणि ताटात रोज म्हावरं. मी वटारची, बापाच्या घरी खाडीचं पाणी अंगणाला लागायचं. मला चालायच्या आधी मासा खायला आला असेल. तू पहिल्याच वर्षी म्हणालीस, आई, मी शिकेन. मला बरं वाटलं होतं, पण बोलले नाही. आणि शिकवायला घेतलं काय, तर भिंग. अंगभर केसासारखे काटे असलेला मासा, आमची मोठी माणसंही तो दिव्याकडे धरून खातात. अंड्यांची गाबोळी भरलेला मिळाला म्हणून मी हौसेने केला आणि मोठा तुकडा तुला वाढला. दुसऱ्या घासाला काटा घशात रुतला तुझ्या. भाताचा गोळा गिळून झाला, वाडीतली केळी झाली, शेवटी डॉक्टरने चिमट्याने काढला. घरी आलीस तेव्हा डोळे लाल होते तुझे. आणि मी काय म्हणाले? काटा काढून खायला आईने शिकवलं नाही का, असं म्हणाले. तुमच्याकडे मासाच नव्हता तर आई कुठून शिकवणार, एवढं डोकं मला नको होतं?

त्यानंतर चार वर्षं तू म्हावऱ्याला शिवली नाहीस. मी मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, आमच्या सुनेला माशाचा वास चालत नाही म्हणून. वासाचं काही नव्हतं. तू घाबरली होतीस.

मग तुझी रेवा तीनेक वर्षांची झाली आणि एका रविवारी फ्रीजमध्ये तो नारिंगी तुकडा आला. प्लॅस्टिकमध्ये आवळून बांधलेला, ना डोकं, ना शेपूट, ना डोळा. ताजा की शिळा हे बघायचं कुठे, कल्ला तर नाहीच. मी म्हटलं हे काय. सॅमन, म्हणालीस. आपल्या रावसासारखाच असतो आई, फक्त या तुकड्याला काटा नसतो. मी नायगावच्या म्हावरंवालीला दुसऱ्या दिवशी ते सांगितलं आणि आम्ही दोघी दारात बसून पोट धरून हसलो. काटा नसलेला मासा म्हणजे कसला मासा. असले शब्द तुझ्या कानावर पडावेत अशाच आवाजात मी बोलले.

आता कळतं, तू माझ्या ताटाकडे यायला निघाली होतीस. तुला या घरात बसून, आमच्या पंगतीत, आमच्यासारखा मासा खायचा होता, आणि पोरीलाही खाऊ घालायचा होता, आणि घशात पुन्हा काटा नको होता. जगात कुठेतरी असा मासा मिळतो हे शोधून काढलंस तू. मी मात्र तुला त्या वाटेवर रोज एक दगड ठेवून दिला.

दर रविवारी तू तो करायचीस. रेवा स्टुलावर उभी राहून तव्यात डोकवायची आणि दोघी मिळून काहीतरी मोजायच्या, खिदळायच्या. मी मुद्दाम पाठ करून बसायचे, मेथी निवडत. पाठ करून बसले म्हणून मला आज काहीसुद्धा माहीत नव्हतं. एवढं ठाऊक होतं की तुझ्या तव्यावर मासा चार-पाच मिनिटं असायचा. चार मिनिटांत काय डोंबल शिजतं? मी रावसाच्या तुकडीला मीठ-हळद लावते, कोकमाच्या आगळात ठेवते, मसाला चोळते, रव्यात घोळवते आणि मंद आचेवर बसवते ते मधल्या काट्यापासून मांस सुटेपर्यंत. काट्याने सोडलं की झालं. माझी आई तसंच बघायची, तिची आई तसंच. तुझा मासा मध्ये ओलसर चमकायचा. मी म्हणायचे, लेकराला कच्चं घालतेस. तू म्हणायचीस, शिजलंय आई, चाखून बघा. एका बशीत माझ्यासाठी दर वेळी बाजूला काढायचीस. दर वेळी मी ती बशी झाकून ठेवायचे आणि संध्याकाळी निलेश खायचा.

शेवटचा रविवार तुला आठवतोय का, मला ठाऊक नाही. मला आठवतो. तू रेवाला वाढलंस, ती पहिला घास उचलणार एवढ्यात मी तिच्या ताटातला तुकडा घेतला आणि परत तव्यावर टाकला. पोरीच्या हातातून. म्हटलं, जरा शिजू दे, कुत्र्या-मांजराचं खाणं नाही हे. रेवा रडायला लागली. तू रडली नाहीस. तू गॅस बंद केलास आणि अगदी हळू म्हणालीस, "आई, एकदा तरी माझ्यावर विश्वास ठेवा."

मी म्हटलं, "आधी शिजवायला शिक, मग ठेवते."

सोमवारी तुला ताप भरला.

पुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही. निलेशला माहीत नाही. तुला माहीत आहे, कारण तू तिथेच होतीस. हॉस्पिटलात डॉक्टर विचारायला लागले, कुठे बाहेरगावी गेला होता का, काय खाल्लं, काय प्यायलं. तू बोलायच्या आत मी पुढे झाले. म्हटलं, ही कच्चा मासा खाते, दर रविवारी, किती सांगितलं तरी ऐकत नाही. डॉक्टर म्हणाले, आजी, त्याचा काही संबंध नाही, डेंग्यू आहे हा, डासाने होतो. एवढं स्पष्ट सांगितलं. तू माझ्याकडे बघितलंस, अश्विनी. हाताला सुई, ओठ सुकलेले, आणि माझ्याकडे बघून तू तोंड भिंतीकडे केलंस. मी तिथे स्टुलावर बसून राहिले आणि मनात म्हटलं, बरी झाली की बोलू, घरी गेल्यावर बोलू, त्यात काय एवढं. दुसऱ्या दिवशी तुला आत नेलं, त्या यंत्रांच्या खोलीत. तिथे दोन मिनिटं सोडायचे. त्या दोन मिनिटांत मी तुझ्या पायावरची चादर सरळ करत बसायचे. नऊ वर्षं घडाघडा बोलणारं हे तोंड तेवढ्या दोन मिनिटांना मुकं झालं. शनिवारी तू गेलीस. तू भिंतीकडे केलेलं तोंड तसंच राहिलं माझ्यासाठी.

आणि एवढ्यावर मी थांबले असते तरी बरं होतं. तू गेल्यावर फोन यायला लागले. चांगली धडधाकट पोर, एकाएकी काय झालं? प्रत्येकजण तेच विचारायचा. डासाने माणूस जातं हे माझ्या जिभेवर येईना. एवढासा डास. मग मी सांगायला लागले, ती कच्चा मासा खायची हो, त्यानेच झालं असणार. एकीला सांगितलं, दुसरीला सांगितलं. सांगताना मला थोडं हलकं वाटायचं, हेही लिहिते. म्हणजे मी बरोबर होते, मी सांगत होते, माझं ऐकलं नाही. बाहेरच्या खोलीत बसून मोठ्याने बोलायचे, तुला माझा आवाज माहीत आहे. रेवा तिथेच जमिनीवर चित्रं रंगवत असायची. लहान पोर, तिला काय कळतंय, असं मला वाटलं.

तेराव्यापर्यंत घरात वरण-भात, बटाटा. आमच्यात तेराव्यानंतर म्हावरं शिजलं की सुतक खरं सुटलं असं मानतात. त्या सकाळी म्हावरंवाली स्वतः दारात रावस ठेवून गेली, न विचारता. माझ्या नणंदेने कालवण केलं. रेवाच्या ताटात वाढलं, तिने बघितलं आणि ताट हाताने पुढे ढकललं. त्या दिवसापासून पोरीने खाणं सोडलं. म्हणजे अगदी उपाशी नाही. दोन घास दहीभात, अर्धी चपाती, बिस्किटं दुधात बुडवून. ताट समोर ठेवलं की आधी वास घेते, मग बोटाने उलटून बघते, मग म्हणते भूक नाही. पंधरा दिवसांत शाळेचा स्कर्ट कमरेवर राहीना, मी पिन लावून पाठवते. संध्याकाळी तुझी आई नाशिकहून फोन करते, आज काय खाल्लं तिने, आणि मी म्हणते, आज अंबाडीची भाजी-भाकरी पोटभर खाल्ली. खोटं बोलायची सवयच लागली होती मला.

डॉक्टर झाले, टॉनिक झालं. निलेशला सांगून उपयोग नव्हता, तो ऑफिसातून येऊन गाडीवरच बसून राहतो, चावी काढत नाही, वर मान करत नाही. मी एका सकाळी फ्रीजर उघडला आणि मागच्या कोपऱ्यात तुझी डबी दिसली. त्यात चार तुकडे. तूच ठेवलेले, पुढच्या रविवारांसाठी. मला वाटलं, सापडलं. पोरीला मम्मीचा मासा हवाय. माझ्या हातचं दुसरं काही तिला गोड लागत नाही, पण हा लागेल. त्यात काय, मासाच तर आहे. पन्नास वर्षं म्हावरं रांधणाऱ्या बाईला मासा करायला सांगता.

पहिला तुकडा मी माझ्या पद्धतीने केला. तीन पाण्याने धुतला, हळद, आगळ, मसाला, रवा. कुरकुरीत. रेवाने बघितलं आणि उठून गेली.

दुसऱ्याला मसाला लावला नाही. पण धुतला, ओलाच तव्यावर टाकला, माझ्या लोखंडी तव्यावर. तेल अंगावर उडालं. मासा तव्याला जो चिकटला तो सोडेना. मी उलथनं घालून खरवडला तर त्याचा चुरा झाला. आणि मला कळेना झालं कधी. सुरीच्या टोकाने मध्ये काटा शोधत होते, काटा कधी सोडतो ते बघायला, आणि काटा नव्हताच. तेव्हा माझं धाबं दणाणलं, अश्विनी. मला एवढ्या वर्षांत जे येत होतं ते सगळं त्या काट्यावर टांगलेलं होतं. तोच नसेल तर मला काहीच येत नाही. मी गॅसपाशी उभी, हातात उलथनं, नव्या नवरीसारखी.

तिसऱ्याच्या वेळी शेजारच्या मुलीकडून मोबाइलवर बघून घेतलं. त्यातला माणूस काय भराभर बोलत होता देव जाणे. मी तुकडा कोरडा केला, तुझा काळा तवा घेतला, मंद आचेवर ठेवला आणि वर झाकण घातलं. झाकण काढलं तर माशातून पांढरं पांढरं फुटून वर आलेलं. मला वाटलं नासलाच. तरी ताटात घातला. रेवा खाली बघून बोलली, दीड महिन्यात पहिल्यांदा जेवणाबद्दल काही बोलली. "मम्मीचं असं पांढरं यायचं नाही. जास्त झालं की येतं."

खाल्लं नाही तिने. पण बोलली ना. मी त्या एका वाक्याला चार दिवस धरून होते. निलेश म्हणाला, आई, मी नवीन मागवतो, दहा मागवतो, तू कशाला जिवाला लावून घेतेस. मी म्हटलं नको. तिच्या हातचा एक उरलाय. तो बिघडला तर मी काय करणार होते हे मला माहीत नव्हतं, आणि बिघडणार अशी खात्रीच होती. काल तो डबीतून काढून खाली फ्रीजमध्ये ठेवला तेव्हा वाटलं, राहू दे, असाच गोठलेला राहू दे जन्मभर.

आज रविवार. मी रेवाला म्हटलं, बाय, आजीला येत नाही. तू दाखव. मी हे वाक्य तुझ्यापाशी एकदा बोलले असते तर आपली नऊ वर्षं वेगळी गेली असती.

ती आली. स्टूल ओढलं, वर चढली. कागदाने पुसायचा, आजी, पाणी राहता कामा नये. मीठ आत्ता, आधी नाही. तेल थोडं. कातडी खाली. हाताने जरा दाबून धर, नाहीतर वाकतो, मम्मी वीस मोजायची. मी दाबून धरला, तिने वीस मोजले. आता हात लावायचा नाही. मी उलथनं उचललं तर माझा हात धरला तिने. नाही म्हटलं ना. स्वतःच सुटतो तो तव्यापासून. आणि मग तिने मला खाली वाकवलं, तव्याच्या कडेने बघायला. बघ, म्हणाली, खालून फिकट व्हायला लागलं, वर चढतंय. मम्मी म्हणायची भरती आली. भरती वर पोचायच्या आत, बोटभर राहिली की उलटायचा, दहा मोजायचे आणि बंद.

काटा नाही त्याला, पण रंग आहे. बाजूने बघितलं की दिसतो. मी चार वर्षं पाठ करून बसले होते.

उलटला. कातडी सोनेरी झाली होती, तव्याला कणभर चिकटली नव्हती. रेवाने दहा मोजले आणि म्हणाली बंद कर. माझा हात बटणावर होता. बाजूने मधला पट्टा अजून गडद दिसत होता मला. पोर सात वर्षांची, वजन उतरलेलं, आणि मी तिला हे खायला देणार? माझा हात फिरेना. मी म्हटलं, अजून एक मिनिट, बाय, आजीसाठी.

ती स्टुलावरून खाली उतरली. ओट्याला पाठ लावून उभी राहिली आणि विचारलं, "मम्मी कच्च्या माशानेच गेली ना? तू फोनवर सांगत होतीस. मी पण तोच खाल्लाय, खूप वेळा."

अश्विनी, दीड महिना हे लेकरू पोटात हे घेऊन शाळेत जात होतं, झोपत होतं, चित्रं रंगवत होतं. ताटातला प्रत्येक घास उलटून बघत होती ती, कच्चा आहे का ते. आपली पाळी कधी येते ते बघत होती. मम्मीचा मासा तिला हवाही होता आणि त्याची भीतीही वाटत होती, आणि ती भीती मी घातली होती, बाहेरच्या खोलीत बसून, मोठ्या आवाजात, मला हलकं वाटावं म्हणून.

मी गॅस बंद केला. खाली बसले तिच्यासमोर. म्हटलं, "आजी खोटं बोलली. मम्मीला डासाचा ताप आला होता. डॉक्टरांनी आजीला तेव्हाच सांगितलं होतं."

"मग तू असं का सांगितलंस?"

काय सांगायचं? चुकून बोलले म्हणता आलं असतं. म्हटलं, आजीचं नि मम्मीचं या माशावरून भांडण होतं, आणि आजीला ते जिंकायचं होतं. तिचा विश्वास बसला नव्हता, आणि का बसावा. मग मी उठले, तव्यातला तुकडा मध्यभागी मोडला, जिथे तो सगळ्यात जाड नि सगळ्यात चमकदार होता तिथला मोठा घास घेतला आणि तिच्यासमोर उभ्या उभ्या खाल्ला.

शिजलेला होता गं. कच्चा नव्हताच. मऊ होता, सुटत होता, लोण्यासारखा जिभेवर पसरला. चार वर्षं दर रविवारी बशीत झाकून ठेवलेला होता तो, मला फक्त झाकण काढायचं होतं.

रेवा माझ्याकडे बघत उभी राहिली. मी गिळला. ती बघत राहिली. मी मरते का ते बघत होती ती. मी पाणी प्यायले, पदराला तोंड पुसलं, पाटावर बसले, तरी ती बघत होती. बराच वेळ गेला. मग तिने स्वतः ताट घेतलं, उरलेला तुकडा स्वतः वाढून घेतला, लिंबू पिळलं आणि बसली. वरण-भाताबरोबर खाल्ला. कातडीसुद्धा खाल्ली, कुरकुर वाजवत. परत भात मागितला. दोनदा मागितला, अश्विनी. ती जेवत होती आणि मी श्वास रोखून बसले होते, हललं तर थांबेल म्हणून.

ताट चाटून झाल्यावर ती म्हणाली, "मम्मीसारखंच झालं."

आणि उठून हात धुवायला गेली. आता बाहेर शेजारच्या मुलीबरोबर लगोरी खेळतेय, तिचा आवाज येतोय मला.

हे दोन शब्द ऐकायला मी महिनाभर देवापुढे नाक घासलं. वाटलं होतं, ऐकले की सुटेन. रिकामं ताट हातात घेऊन मी तिथेच फरशीवर बसले आणि जी रडायला लागले ते अजून थांबत नाही. तू गेलीस त्या दिवशी रडले नव्हते इतकी. कारण सांगते. वाटण मी करते. डबा मी भरते. तिची वेणी मी घालते, युनिफॉर्म मी धुते, निलेशचं दूध मी तापवते. तुझी एकेक गोष्ट मी उचलली नि घर चालू ठेवलं, सगळे म्हणतात आजीने सावरलं हो घर. हा एक मासा तेवढा मला जमत नव्हता. त्या एका गोष्टीपाशी आम्ही सगळे अडून बसलो होतो, तिघंही, आणि तुझ्याशिवाय ते सुटणार नव्हतं. तेवढी तरी तू या घरात लागत होतीस.

आज तेही मला जमलं. आता तुझ्यावाचून इथे काही अडत नाही, अश्विनी. आणि अडायला हवं होतं गं. माझ्यावर एकदा विश्वास ठेवा म्हणणारी तू, तुझ्यावाचून या घरात काहीतरी जन्मभर अडायला हवं होतं.